रुळांबाहेर दिसणारी गाडी
(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यामुळे बोलता बोलता एखादं सूत्र आलं तर इथे कुणी रागावणार नाही, असं धरून चालतो. सूत्र एकच आहे आणि तेही गुणाकार-भागाकाराचं. ते थोड्या वेळाने येईल. आधी रडार.

हे शहर रडारला अनोळखी नाही. २०१५ च्या दुष्काळात सरकारने मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तेव्हा इथल्या विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर सी-बँडचं डॉप्लर रडार बसवलं होतं. २०१९ मध्ये पुन्हा तोच प्रयोग झाला. चिकलठाण्याहून विमान उडायचं आणि कोणत्या ढगात शिरायचं हे त्या रडारच्या पडद्यावरून ठरायचं. त्या विमानाने पाऊस पाडला की पडणाऱ्या पावसाचं श्रेय घेतलं, यावर या गावात पुष्कळ वाद झाले. त्यात मी आज पडत नाही. मला फक्त ते रडार हवं आहे, कारण माझा विषय तिथूनच उलटा फिरतो.

रडार लहरीचा एक छोटा ठोका पाठवतं आणि तो कशावर तरी आपटून परत येईपर्यंत थांबतं. किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. दीडशे किलोमीटरवरच्या ढगापर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. डॉप्लर रडार याच्यापुढे आणखी एक गोष्ट करतं. लागोपाठच्या ठोक्यांमध्ये परत आलेल्या लहरीची फेज किती सरकली, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर परत पोचली, हे ते मोजतं. समोरची वस्तू रडारकडे येत असेल किंवा लांब जात असेल तर फेज सरकते. वस्तू जागच्या जागी असेल तर सरकत नाही.

आयुक्तालयावरून चौफेर पाहिलं तर काय दिसतं? दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर, वायव्येला देवगिरी, त्यामागे म्हैसमाळचं पठार. पावसापेक्षा डोंगराची परतलेली लहर कितीतरी जबर असते. तेव्हा रडारचं सॉफ्टवेअर एक सरळ नियम लावतं: ज्याची फेज सरकत नाही ते काढून टाका. डोंगर गेले, इमारती गेल्या, हलणारा पाऊस उरला. फार छान. फक्त या नियमाला एक भोक आहे. ढग रडारच्या दिशेनेही येत नसेल आणि दूरही जात नसेल, शहराच्या उत्तरेने पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवा सरकत असेल, तर ऐन समोर असताना रडारच्या लेखी त्याचा वेग शून्य होतो. मग तो पाऊसही डोंगर समजून अंशतः पुसला जाऊ शकतो. उलट बीड आणि धाराशिवच्या माळांवरच्या पवनचक्क्या घ्या. खांब जागचा हलत नाही, पाती मात्र गरगर फिरतात. ती या चाळणीतून सुखरूप निसटतात आणि निरभ्र दिवशी पडद्यावर पावसाचा ठिपका उमटवू शकतात.

म्हणजे जमिनीवरच्या या रडारला हलतं तेच हवं असतं, आणि थांबलेलं सगळं त्याच्या लेखी कचरा. हेच रडार उपग्रहावर चढवा आणि जमिनीचा फोटो काढायला सांगा. आता थांबलेलं तेवढंच खरं ठरतं, आणि हलणारं जे काही असेल ते चित्रात चुकीच्या जागी जाऊन बसतं. आजचा विषय हा, की चुकीच्या जागी बसलेल्या त्या गोष्टी परत जागेवर कशा आणायच्या, आणि मुळात त्या आणता येतात का.

उपग्रहावर रडार कशाला, हे मराठवाड्यात सांगायला नको. खरिपात जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर ढग असतात. पिकं उभी असतात ती याच महिन्यांत आणि पूर येतो तोही याच महिन्यांत. नेमका तेव्हा साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा असतो. रडारची लहर ढगातून आरपार जाते आणि रात्रीही चालते. म्हणून २०१२ मध्ये इस्रोने रिसॅट-१ सोडला, २०२२ मध्ये ईओएस-०४. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ पासून फिरतो आहे आणि त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून नासा आणि इस्रो यांचा निसार गेला. त्यावर बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री आहे आणि एकाच वेळी दोन तरंगलांबींवर काम करणारी रडार आहेत. मधल्या काळात, मे २०२५ मध्ये, ईओएस-०९ हा रडार उपग्रह पीएसएलव्ही बिघडल्यामुळे कक्षेत पोचलाच नाही, हेही नोंदवून ठेवू.

आता अडचण बघा. सेंटिनेल-१ जमिनीपासून ६९३ किलोमीटरवरून जातो आणि तिरका, एका बाजूला पाहतो. मध्यभागी लक्ष्यापर्यंतचं तिरकं अंतर सुमारे ८६० किलोमीटर भरतं. त्याचा अँटेना बारा मीटरच्या किंचित वर लांब, लहर साडेपाच सेंटिमीटरची. अशा अँटेनातून निघालेला झोत जमिनीवर पोचेपर्यंत जवळजवळ चार किलोमीटर रुंद होतो. चार किलोमीटरचा एक ठिपका, म्हणजे अख्खी सिडको एका ठिपक्यात. पाच मीटर बारीक पाहायचं असेल तर अँटेना साधारण साडेनऊ किलोमीटर लांब लागेल. पैठणच्या जायकवाडीची भिंत दहा किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढा अँटेना आकाशात न्यायचा!

यातून वाट काढली ती कार्ल वायली नावाच्या अमेरिकन अभियंत्याने, १९५१ मध्ये, गुडइयर कंपनीत असताना. हो, टायरवाली तीच. त्याची युक्ती अशी: झोत चार किलोमीटर रुंद आहे ना, असू दे. त्या झोतात जे पुढे आहे त्याच्याकडे उपग्रह चालला आहे, म्हणून तिथून परतणाऱ्या लहरीची वारंवारिता किंचित वाढते. मागे पडलं त्याची किंचित घटते. ऐन बाजूला आहे त्याची तशीच राहते. स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना बारीक आणि जाताना जाड ऐकू येते, तोच हा प्रकार. तेव्हा परत आलेल्या सगळ्या लहरी वारंवारितेप्रमाणे वेगळ्या करा, म्हणजे चार किलोमीटरच्या ठिपक्यातल्या बारीक पट्ट्या आपोआप सुट्या होतील. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर उपग्रह उडता उडता अर्धा सेकंद एकाच जागेवर ठोके मारत राहतो आणि ते सगळे जोडून आपण त्या अर्ध्या सेकंदात कापलेल्या जवळजवळ चार किलोमीटरचा एक लांबलचक अँटेना बनवतो, फक्त कागदावर. याला सिंथेटिक अॅपर्चर रडार म्हणतात. सरळ, स्थिर झोताने पाहिलं तर बारा मीटरच्या अँटेनातून सहा मीटरचा तपशील निघतो. भारतावर सेंटिनेल नेहमी रुंद पट्टा घेण्याच्या पद्धतीने चालतो, तिथे तपशील पाच बाय वीस मीटरचा मिळतो.

या युक्तीत एक गृहीतक गुपचूप बसलेलं आहे. वारंवारिता बदलली ती फक्त उपग्रह हलला म्हणून, असं आपण धरलं. जमिनीवरची वस्तू स्वतः हलत असेल तर तीही वारंवारिता बदलते. गणिताला दोन्हींतला फरक कळत नाही. वस्तू उपग्रहाकडे येत असेल तर तिची वारंवारिता वाढते, आणि गणित म्हणतं, अच्छा, ही पुढच्या पट्टीतली दिसते. ते तिला उचलून उपग्रहाच्या उड्डाणदिशेत पुढे नेऊन ठेवतं. लांब जात असेल तर मागे.

किती पुढे? हे ते सूत्र. वस्तूचा उपग्रहाच्या दिशेचा वेग घ्या, तिच्यापर्यंतच्या अंतराने गुणा, उपग्रहाच्या वेगाने भागा. सेंटिनेलसाठी ८६० किलोमीटर भागिले सेकंदाला ७.६ किलोमीटर, म्हणजे ११३ सेकंद. वस्तू उपग्रहाकडे सेकंदाला एक मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगाने जरी आली, तरी चित्रात ती ११३ मीटर सरकलेली दिसते.

आता आपल्या शहराच्या उत्तरेने जाणारा समृद्धी महामार्ग घ्या. माळीवाडा आणि सावंगीच्या इंटरचेंजच्या मधला पट्टा. रस्ता पूर्व-पश्चिम, उपग्रहाची वाट जवळजवळ उत्तर-दक्षिण. म्हणजे गाडीचा वेग उपग्रहाच्या नजरेच्या रेषेत यायला याहून सोयीचा रस्ता शोधून सापडणार नाही. ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. उपग्रह तिरका पाहतो म्हणून त्यातले सुमारे साडेवीस मीटर त्याच्या वाट्याला येतात. गुणिले ११३. गाडी रस्त्यापासून सव्वादोन किलोमीटरहून जास्त लांब, शेतात. मोटार एवढी लहान असते की सेंटिनेलच्या पाच बाय वीस मीटरच्या चित्रात ती हरवून जाईल. पण लोखंडी डब्याचा लांब ट्रेलर किंवा आगगाडी असेल, तर तो ठिपका उमटायची शक्यता बरीच.

फोटोत काय होतं? जुन्या काळी शाळेच्या वर्गाचा फोटो काढताना एखादं पोर हललं की त्याचं तोंड फराटलेलं यायचं, पण यायचं त्याच्याच रांगेत. रडारचं चित्र याच्या उलट वागतं. ट्रेलर एकसारख्या वेगाने चालला असेल तर तो पुष्कळदा स्वच्छ दिसतो, आणि असतो दुसऱ्याच्या शेतात. फराटा दिसला तर माणूस सावध तरी होतो. स्वच्छ ठिपक्यावर आपण विश्वास ठेवतो. मला हा प्रकार धोकादायक वाटतो तो यासाठी.

आणखी एक गंमत, हिचा हिशेब ज्याला हवा त्याने घरी कागदावर करून पाहावा. सेंटिनेल नेहमी आपल्या उजव्या हाताला पाहतो. सकाळी दक्षिणेकडे जाताना तो पश्चिमेकडे बघतो, संध्याकाळी उत्तरेकडे जाताना पूर्वेकडे. दोन्ही वेळा नागपूरकडे जाणारी गाडी समृद्धीच्या दक्षिणेला सरकलेली दिसते आणि मुंबईकडे जाणारी उत्तरेला. सकाळ-संध्याकाळ बदलली की नजरेची दिशा आणि उड्डाणाची दिशा दोन्ही एकदमच उलटतात, म्हणून उत्तर तेच राहतं. निसार मात्र डाव्या हाताला पाहतो. त्याच्या चित्रात हेच सगळं उलटं: नागपूरची गाडी उत्तरेला, मुंबईची दक्षिणेला. शिवाय निसार ७४७ किलोमीटरवर आहे, त्याचा ११३ च्या जागी आकडा सुमारे १२८ सेकंदांचा. दोन उपग्रहांची चित्रं एकमेकांवर ठेवून कुणी म्हणेल की ट्रेलर एका शेतातून दुसऱ्या शेतात गेला, तर तो दोन्ही वेळा महामार्गावरच होता हे त्याला सांगावं लागेल.

रडारचित्रात जागा चुकण्याचं दुसरं एक कारण आहे, उंची. ते जुनं आहे आणि हाताळायला सोपंही. दौलताबादचा चांद मिनार सुमारे ६४ मीटर उंच आहे. त्याचं टोक पायथ्यापेक्षा उपग्रहाला जवळ पडतं, म्हणून चित्रात मिनार उपग्रहाकडे कलंडतो, टोक साधारण ८० मीटर पुढे येऊन पडतं. पण मिनाराची उंची ठाऊक आहे, डोंगराचे नकाशे आहेत, ही चूक दुरुस्त करणं नित्याचं काम झालं आहे. शिवाय ८० मीटर कुठे आणि सव्वादोन किलोमीटर कुठे.

वेग उपग्रहाच्या नजरेच्या रेषेत नसेल, रस्ता उपग्रहाच्या वाटेला समांतर असेल, तर? आपला धुळे-सोलापूर महामार्ग कन्नडकडून येऊन शहराजवळून बीडकडे जातो, बराचसा उत्तर-दक्षिण. तिथे जागा फारशी सरकत नाही, पण ठिपका फराटतो. ताशी ९० च्या वेगाने उपग्रहाच्याच दिशेने जाणारा ट्रक सेंटिनेलच्या अर्ध्या सेकंदात पंचवीस-तीस मीटरचा फराटा उमटवू शकतो. निसारच्या लांब, २४ सेंटिमीटरच्या लहरीत एक जागा सुमारे अडीच सेकंद झोतात राहते. तिथे फराटा सव्वाशे मीटरच्या घरात जाईल. उपग्रहांच्या कक्षा नेमक्या उत्तर-दक्षिण नसतात, दहा-बारा अंशांनी तिरक्या असतात, त्यामुळे या रस्त्यावरही काहीशे मीटरची सरक येतेच. पूर्ण सुटका कुठेच नाही.

आता दुरुस्ती. हा विषय नीट मांडणारा निबंध कीथ रेनी यांनी १९७१ मध्ये लिहिला, म्हणजे अंतराळात असं पहिलं नागरी रडार जायच्या सात वर्षं आधी. मला त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत असा सांगावासा वाटतो: एक समीकरण आहे आणि अज्ञात दोन. वस्तू कुठे आहे आणि तिचा वेग किती, हे दोन्ही प्रश्न. उत्तर म्हणून हातात आहे एकच वारंवारिता. एका अँटेनाच्या एका चित्रावर तुम्ही कितीही हुशार गणित चालवा, कितीही मोठा संगणक लावा, दुसरा अज्ञात तुम्हाला कुठून तरी बाहेरून आणावा लागतो. थोडीशी फट आहे. वेगवान वस्तू अर्ध्या सेकंदात दहाएक मीटर जवळ येते, ती सरक रेघेसारखी दिसते आणि वेगाचा अंदाज देते. पण हळू चालणाऱ्याला तिचा उपयोग नाही. हल्ली कुणी म्हणालं की आमचं सॉफ्टवेअर रडारचित्र आपोआप शुद्ध करून देतं, तर मी एवढंच विचारतो, दुसरा अज्ञात कुठून आणलात?

बाहेरचा साक्षीदार कोण असू शकतो? पहिला उत्तम साक्षीदार समुद्राने दिला. नासाचा सीसॅट जून १९७८ मध्ये गेला आणि जेमतेम शंभर दिवस जगला. त्याच्या चित्रांत जहाजं दिसली आणि जहाजांमागच्या पाण्याच्या लांब रेषाही, पण जहाज त्या रेषेच्या टोकाला नव्हतं. शेजारी, काही अंतरावर, एकटंच. पाण्याची रेषा जवळपास जागच्या जागी असते म्हणून ती बरोबर उमटली, जहाज चाललेलं म्हणून सरकलं. आता रेषेपासून जहाजापर्यंतचं अंतर मोजा, सूत्र उलटं चालवा, जहाजाचा वेग हातात. मुंबई बंदराबाहेर बारा नॉटने चालणारं जहाज सेंटिनेलच्या चित्रात आपल्या रेषेपासून चारशे-साडेचारशे मीटरपर्यंत सुटू शकतं. इथे चूक हीच मोजपट्टी झाली. मला हे या विषयातलं सर्वांत देखणं प्रकरण वाटतं. सरकलेल्या ठिपक्याला नुसतं ओढून जागेवर आणलं आणि सरक किती होती ते लिहून ठेवलं नाही, तर चित्र नीट होतं आणि माहिती फेकली जाते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने दुरुस्तीचा आकडा जपून ठेवावा, हा माझा हट्ट आहे.

जमिनीवर साक्षीदार म्हणजे रस्ता. ट्रेलर शेतात उभा नसणार, रस्त्यावरच असणार. तेव्हा ठिपका उपग्रहाच्या वाटेच्या दिशेने सरकवत रस्त्यावर आणा. किती सरकवावा लागला त्यावरून वेग. जर्मनीच्या टेरासार-एक्स या २००७ च्या उपग्रहाच्या चित्रांवर तिथल्या अंतराळ संस्थेने महामार्गांवरची वाहतूक अशा तऱ्हेने मोजून दाखवली. आपल्याकडे हे करायला गेलं तर एक पेच आहे. समृद्धीच्या दक्षिणेला, शहरातून जाणारा जुना जालना रस्ताही बहुतेक तसाच पूर्व-पश्चिम जातो, आणि रेल्वेचा मार्गही. दोन समांतर रस्त्यांच्या मधल्या शेतात ठिपका दिसला, तर तो समृद्धीवरून दक्षिणेला आलेला नागपूरचा वेगवान ट्रेलर की जालना रस्त्यावरून उत्तरेला गेलेली मुंबईकडची बस? दोन्ही उत्तरं हिशेबात बसू शकतात. साक्षीदार दोन आणि दोघांची जबानी वेगळी.

म्हणून तिसरी रीत: दोन अँटेना. एक पुढे, एक मागे. पुढचा जिथून पाहतो तिथेच क्षणाने मागचा येऊन पोचतो आणि तेच दृश्य पुन्हा पाहतो. दोन्ही चित्रं एकमेकांतून वजा करा. डोंगर, घरं, उभी पिकं जातात, हललं तेवढंच उरतं. फेजमधला फरक थेट वेग सांगतो, रस्त्याला न विचारता. म्हणजे आयुक्तालयावरच्या रडारची युक्ती पुन्हा हाताशी आली. टेरासारचा पावणेपाच मीटरचा अँटेना असा दोन भागांत विभागून वापरला गेला आहे. दोन दृष्टिक्षेपांमधला वेळ सेकंदाचा सुमारे सहा हजारावा भाग. तेवढ्यात सेकंदाला वीस मीटरने जाणारी गाडी तीन मिलिमीटर सरकते आणि तीन सेंटिमीटरच्या लहरीला ते तीन मिलिमीटर कळतात. लष्करी विमानांत ही विद्या आधीच पोचली होती. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने तेव्हा चाचणीतच असलेली जॉइंट स्टार्सची दोन विमानं उडवली, ती वाळवंटात हलणारी वाहनं आणि थांबलेली ठिकाणं आलटून पालटून पाहत होती. सैन्याला या शास्त्रात रस असणार हे उघडच आहे, आणि यातलं बरंचसं संशोधन त्यांच्याच पैशाने झालं, हेही झाकायचं कारण नाही. मला आज इथे पुराचं बोलायचं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदाकाठची गावं आणि शेतं पाण्याखाली गेली. अशा वेळी पूर कुठवर आला याचे नकाशे रडारच्या चित्रांवरूनच काढतात, दुसरं काही ढगातून दिसतच नाही. पद्धत ही, की शांत पाणी आरशासारखं लहर पलीकडे फेकतं, परत काही पाठवत नाही, म्हणून काळं दिसतं. काळं तेवढं पाणी. आता गोदावरीची मुख्य धार पुरात शांत नसते. तिच्यावर भोवरे असतात, उसळी असते, वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा असतात. तिथून लहर परत येते, आणि धार पूर्वेकडे सेकंदाला दोन-तीन मीटरने धावत असेल तर तो उजळ प्रतिसाद नदीतून दीडशे-दोनशे मीटर दक्षिणेला जाऊन पडतो. जिथे पाणी साचून काळं दिसायला हवं तिथे हा उजळ थर चढला, तर गणित म्हणेल, इथे पाणी नाही. साचलेल्या शांत पाण्याला हा धोका नाही, कारण काळ्याला सरकवायला त्याच्याकडे काही नसतंच. धोका आहे तो धारेच्या काठच्या पट्टीला, आणि तिथली शेतं सर्वांत आधी खरवडून जातात. वाहत्या नदीचा वेग रडारने मोजता येतो, हे जर्मनीत एल्ब नदीवर टेरासारच्या दोन-अँटेना पद्धतीने दाखवलं गेलं आहे. म्हणजे ही सरक शास्त्राला ठाऊक आहे. तहसीलदाराच्या टेबलावर पोचणाऱ्या नकाशात ती विचारात घेतली होती का, हा वेगळा प्रश्न.

पिकांचं थोडं निराळं. वाऱ्यावर डोलणारा ऊस कुठे जात नाही, पण त्याचं प्रत्येक पान वेगवेगळ्या दिशेने हलतं. मग शेताचा प्रतिसाद उपग्रहाच्या वाटेच्या दिशेने पसरतो आणि बांध अस्पष्ट होतो. पीकविम्याच्या आणि नुकसानीच्या हिशेबात उपग्रहाचा शब्द वाढत चालला आहे. त्याला माझा विरोध नाही. ढगाळ सप्टेंबरात बांधावर न जाता केलेल्या पंचनाम्यापेक्षा रडार प्रामाणिक आहे. पण मग त्या चित्रासोबत चार गोष्टी छापील याव्यात: उपग्रह कोणता, उत्तरेकडे जात होता की दक्षिणेकडे, कोणत्या बाजूला पाहत होता, आणि त्या तासाला वारा किती होता. ज्या शेतकऱ्याचा अर्ज त्या चित्रावरून फेटाळला जातो त्याला या चार नोंदी मागता आल्या पाहिजेत. आज किती कार्यालयांत त्या देता येतील, याची मला शंका आहे.

इथे विद्यापीठातले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच दिसतात, त्यांना एक काम सुचवतो आणि थांबतो. सेंटिनेलची चित्रं फुकट आहेत. आपल्यावरून तो पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. लासूर ते दौलताबादच्या मधला रेल्वेमार्ग निवडा. तो बऱ्यापैकी पूर्व-पश्चिम आहे, आजूबाजूला सपाट शेती आहे आणि वीस डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे चुकवायला अवघड. वेळापत्रक पाहून, त्या मिनिटाला गाडी तिथे असण्याची शक्यता आहे असे दिवस काढा. मग रुळांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरपर्यंत शेतात एक उजळ रेघ शोधा, जी आदल्या आणि नंतरच्या चित्रात नाही. सापडली तर रुळांपासून तिचं अंतर मोजा, ११३ ने भागा, तिरक्या नजरेचा हिशेब लावा, गाडीचा वेग काढा. ती मनमाडकडे चालली होती की जालन्याकडे हे रेघ उत्तरेला आहे की दक्षिणेला यावरून आपोआप कळेल, वेळापत्रकाशी ताडून पाहा. आणि गाडी वळणावर सापडली तर जास्त बरं. वळणावर प्रत्येक डब्याची दिशा थोडी वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक डबा वेगवेगळा सरकतो आणि गाडी रुळांच्या वळणाशी न जुळणाऱ्या आकारात दिसते. तिला परत रुळांवर बसवायचं तर एक आकडा पुरणार नाही, डब्यागणिक वेगळा लागेल. तो कसा काढायचा ते मी मुद्दामच सांगत नाही.